डोळ्यातलं भिंग सरकलंय म्हणतात, आता पुढं काय?

चष्मा करून वर्षही झालं नाही तोवर मुलाला फळ्यावरचं दिसेना, नंबर काढायला गेलात तर तिरका नंबर भलताच वाढलेला, आणि डोळ्यात औषध घालून तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, "भिंग जागेवरून सरकलंय." हे ऐकून बाहेर आलेल्या आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑपरेशन कधी? मी नंबर काढायचं काम करतो, ऑपरेशनं नाही. पण या प्रश्नावर माझं म्हणणं एकच असतं. भिंग का सरकलं हे आधी शोधा. ऑपरेशन करायचं की नाही, कधी करायचं, भूल कशी द्यायची, हे सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं. आणि कधीकधी त्या उत्तरामुळं डोळ्यापेक्षा मोठी गोष्ट वाचते.

गडहिंग्लज, गारगोटी, शाहूवाडीकडून कोल्हापूरला तपासायला येणाऱ्या आणि हे सगळं पहिल्यांदाच ऐकणाऱ्या घरांसाठी हे लिहितोय.

१. सरकलं म्हणजे काय, ते समजून घ्या

बाहुलीच्या मागं पारदर्शक भिंग असतं. ते कशावर टेकलेलं नसतं. सगळ्या बाजूंनी अतिशय बारीक तंतूंनी ओढून मधोमध धरलेलं असतं, मांडव ताण्यांवर उभा असतो तसं. एका अंगाचे ताणे सैल पडले की कापड दुसऱ्या अंगाला ओढलं जातं, सगळेच तुटले तर खाली येतं. कागदावर पहिल्या प्रकाराला सबलक्सेशन आणि दुसऱ्याला डिसलोकेशन लिहितात. एक्टोपिया लेन्टिस असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ इतकाच की भिंग आपली जागा सोडून आहे.

हे तंतू मुख्यतः फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाचे असतात. तेच प्रथिन हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, म्हणजे एओर्टाच्या भिंतीत असतं. सांध्यांचे बंध आणि कातडी यांतही असतं. शरीराला बांधून ठेवणाऱ्या या सगळ्या जोडऊतीत जन्मतः दोष असला तर तो बऱ्याचदा डोळ्यात आधी दिसतो, कारण तिथं थोडंसं सरकलं तरी नजर बिघडते. एओर्टा मात्र वर्षानुवर्षं मुकाट्यानं फुगत राहते.

भिंग सरकल्यावर माणूस त्याच्या कडेतून बघायला लागतो. त्यामुळं तिरका नंबर वाढतो, तो टिकत नाही, उजेडात चमक येते. एक खूण घरी बघता येते. मुलाला एक डोळा झाकायला सांगा. उघड्या एका डोळ्यानंसुद्धा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील तर तिरळेपणापेक्षा भिंगाचा संशय जास्त धरायचा. लहान मूल हे सांगू शकत नाही. ते मान वाकडी करतं किंवा पुस्तक नाकाला लावतं.

सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर भिंग सरकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मार हेच आहे. चेंडू, विटी, बुक्की. पण किरकोळ धक्क्यानं भिंग सरकलं असेल, किंवा मार एका डोळ्याला आणि सरकलंय दोन्हींत, तर "लागलं होतं म्हणून" यावर विषय मिटवू नका.

२. बाहुली मोठी करूनच तपासणी करा

थोडंसं सरकलेलं भिंग साध्या बाहुलीतून दिसत नाही, कारण त्याची कड पडद्याआड असावी तशी बुबुळामागं दडलेली असते. शाळेत तक्त्यावर अक्षरं वाचून घेतली, दुकानातल्या मशीनवर नंबर काढला, यात ते सापडेलच असं नाही. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या दुर्बिणीवर, दोन्ही डोळे बघायचे, हाच खरा मार्ग. डोळा हलवला की बुबुळ किंवा भिंग थरथरतं, ही खूण डॉक्टर तिथंच बघतात. सोबत डोळ्याचा दाब आणि मागचा पडदा तपासून घ्या. मार्फन नावाचा जोडऊतीचा जन्मजात आजार असतो, त्याबद्दल पुढं सांगतो; त्याच्या रुग्णाची बाहुली थेंबांनी पुरती मोठी होत नाही असं बऱ्याचदा होतं. पुन्हा थेंब घातले तर वैतागू नका.

त्या दिवशी जाताना गाडी चालवायला दुसरं कुणीतरी हवं. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. लहान मुलाला बाहुली मोठी करायला ॲट्रोपिन दिलं असेल तर हा त्रास काही दिवस राहतो, शाळेत तसं कळवा.

कोल्हापुरात सरकारी वाट म्हणजे टाऊन हॉलजवळचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपलं सीपीआर. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. डोळ्यांबरोबर हृदय, बालरोग आणि रक्त यांचं काम निघणार आहे, म्हणून जिथं हे विभाग एकमेकांशी बोलतील अशी जागा बरी पडते. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मुलाचा नंबर सारखा बदलतोय हे त्या पथकाला तोंडी सांगा, पुढं पाठवायची चिठ्ठी मिळू शकते.

एक वही किंवा फाईल आजच करा. प्रत्येक वेळचा नंबर तारखेसह त्यात असू द्या. जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या फेकू नका. नंबर कसा बदलत गेला ते बघून डॉक्टरला भिंगाची चाल कळते.

३. का सरकलं? इथं घाई करू नका

इथं तीन नावं कानावर पडतील.

पहिलं मार्फन सिंड्रोम. पॅरिसच्या आंत्वान मार्फन या बालरोगतज्ज्ञांनी १८९६ मध्ये लांब, सडपातळ बोटांच्या एका मुलीचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. फायब्रिलिन बनवणारं एफबीएन-वन हे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यातल्या बिघाडानं हा आजार होतो, हे १९९१ मध्ये कळलं. दर ५,००० ते १०,००० माणसांत एकाला तो असतो आणि त्यांतल्या साधारण ६० टक्के लोकांचं भिंग सरकतं, बहुधा दोन्ही डोळ्यांत, वर आणि कानाच्या बाजूला. अंगकाठी उंच, हातपाय लांब, छाती आत गेलेली किंवा पुढं आलेली, पाठीला बाक, तळपाय सपाट. दोन खुणा घरी बघता येतात. अंगठा मुठीत घालून मूठ आवळली तर अंगठ्याचं शेवटचं पेर करंगळीच्या बाजूनं पूर्ण बाहेर येतं का? एका हाताच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं दुसऱ्या मनगटाला वेढा घातला तर अंगठा करंगळीच्या अख्ख्या नखावर चढतो का? दोन्ही होत असेल तर डॉक्टरांना सांगा. होत नसेल तर मात्र सुटलो असं समजू नका. लहान वयात या खुणा पुरत्या आलेल्या नसतात.

मार्फनमध्ये जीव जातो तो एओर्टामुळं. ती मुळाशी फुगते आणि एके दिवशी तिच्या भिंतीचे थर फाटू शकतात. म्हणून भिंग सरकलेल्या प्रत्येक मुलाचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायला हवा, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी. रिपोर्टवर नुसतं "नॉर्मल" लिहून भागत नाही. एओर्टाच्या मुळाचं माप किती मिलीमीटर आणि मुलाच्या उंची-वजनाच्या हिशेबात ते कसं बसतं, त्याला झेड स्कोर म्हणतात, ते लिहून मागा. २०१० पासून चालत आलेल्या निकषांनुसार सरकलेलं भिंग आणि फुगलेलं एओर्टाचं मूळ या दोन गोष्टी एकत्र सापडल्या की मार्फनचं निदान होतं, बाकी खुणा मोजत बसावं लागत नाही. आईवडील किंवा भावंडांत मार्फन ठरलेलं असेल तर नुसतं भिंगही पुरतं. आणि पहिला इको चांगला आला म्हणून फाईल बंद करायची नसते, फुगवटा पुढं कधीही येऊ शकतो. बीटा ब्लॉकर किंवा लोसार्टनसारख्या गोळ्यांनी तो वाढायचा वेग कमी करता येतो. किती दिवसांनी परत इको करायचा ते हृदयाचे डॉक्टर सांगतील, ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आणखी एक, जे औषधाच्या दुकानात कुणी सांगत नाही. ज्यांच्या एओर्टाला धोका आहे त्यांनी सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक गोळ्या आणि इंजेक्शनं दुसरा पर्याय असेल तर टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये दिला. जुलाब लागले, लघवीला जळजळ झाली की याच गोळ्या सर्रास हातात पडतात. प्रत्येक डॉक्टरला मार्फन हा शब्द आधी सांगा.

दुसरं नाव होमोसिस्टिनुरिया. मुलगा दिसायला मार्फनसारखाच उंच-बारीक असू शकतो, म्हणून हे चुकतं. यात मेथिओनिन या प्रथिनघटकाचं पचन पुढं सरकत नाही आणि रक्तात होमोसिस्टीन साठत जातं. भिंग बहुधा खाली आणि नाकाच्या बाजूला सरकतं. जन्मतः ते जागेवर असतं, पुढं हळूहळू सुटत जातं. काही मुलं अभ्यासात मागं पडतात, सांधे मार्फनसारखे लवचीक नसून आखडलेले असतात. खरा धोका रक्ताच्या गुठळ्यांचा, आणि ऑपरेशनच्या भुलीत तो वाढतो. नायट्रस ऑक्साइड हा भुलीत वापरला जाणारा वायू या रुग्णांना द्यायचा नसतो, आणि उपाशीपोटी फार वेळ कोरडं ठेवायचं नसतं. भूलतज्ज्ञाला आजार माहीत असेल तरच हे पाळलं जाणार, म्हणून ऑपरेशनच्या आधी रक्तातलं होमोसिस्टीन मोजून घेतलं पाहिजे.

ही रक्ततपासणी नाजूक आहे. नमुना बर्फात ठेवून लवकर वेगळा केला नाही तर आकडा आपोआप चढतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्यापेक्षा लॅबमध्ये जाऊन द्या, आणि देण्याआधी "लगेच वेगळं करणार का" हे विचारा. मूल बी-कॉम्प्लेक्स घेत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण यातल्या साधारण निम्म्या रुग्णांचं होमोसिस्टीन बी-६ जीवनसत्त्वानं उतरतं आणि गोळी चालू असताना आजार लपू शकतो. उलट गडबडही होते. आपल्याकडं शाकाहारी घरांत बी-१२ कमी असतं, त्यानंही आकडा थोडा वाढतो. मोठ्या माणसात १५ च्या आत असावा असा हा आकडा. उपचार न केलेल्या होमोसिस्टिनुरियात तो बहुधा शंभराच्या पुढं जातो. २२ आला म्हणून रडत बसू नका, १५० आला तर मात्र दुसऱ्या लॅबमध्ये खात्री करून लगेच चयापचयाच्या आजारांच्या तज्ज्ञाकडं जा. त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल. बी-६, ठरवून दिलेला आहार आणि इतर औषधं यांवर ही मुलं नीट राहतात, आणि वेळेत सुरू केलं तर भिंगाचं सरकणंही लांबतं.

तिसरं वाइल-मार्चेसानी, फार दुर्मीळ. इथं अंगकाठी उलटी: बुटकी चण, आखूड जाड बोटं. भिंग लहान आणि गोल असतं, ते पुढं येऊन डोळ्याचा दाब अचानक वाढवू शकतं. या डोळ्यांत थेंब कुठले घालायचे हे जपून ठरवावं लागतं, म्हणून घरात उरलेले थेंब स्वतःहून घालणं बंद.

काही मुलांत आजार फक्त डोळ्यापुरताच असतो. पण "फक्त डोळाच" असं म्हणायचा हक्क इको आणि होमोसिस्टीन या दोन्ही तपासण्या झाल्यावरच मिळतो. भिंग कुठल्या दिशेला सरकलं यावरून अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही.

४. चष्मा, आणि आळशी डोळा

पुष्कळ मुलांना ऑपरेशन लागतच नाही. भिंगाची कड बाहुलीच्या बाहेर असेल तर भिंगातून नंबर काढतात. कड बरोबर मधोमध आली असेल तर काम अवघड होतं, कारण अर्धा उजेड भिंगातून आणि अर्धा बाजूनं जातो. तेव्हा भिंगाच्या बाजूनं, म्हणजे भिंग नसल्यासारखा, जाड प्लस नंबर देऊन बघतात. दोन्ही प्रकारे तपासून कुठल्यानं जास्त ओळी वाचता येतात ते पाहायचं. या कामाला वेळ लागतो. पाच मिनिटांत नंबर हातात दिला तर मी तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

सात-आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर वेळ दवडू नका. धूसर चित्र मिळणाऱ्या डोळ्याकडं मेंदू लक्ष देणं सोडतो, आणि पुढं भिंग काढून निर्दोष चष्मा दिला तरी तो डोळा आळशीच राहतो. चांगल्या डोळ्यावर रोज ठरवून दिलेले तास पट्टी, हा त्यावरचा मुख्य उपाय. मूल रडतं, आजी म्हणते राहू दे गं. आजीला तपासणीला सोबत न्या, तिला डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या.

५. ऑपरेशन कधी

चष्म्यानं नजर सुधारत नाही, भिंगात मोतीबिंदू झालाय, काचबिंदूचा दाब चढतोय, किंवा भिंग पुढं येऊन अडकलंय, तेव्हा. पुढं अडकलेलं भिंग ही तातडीची गोष्ट, बाकीच्यांत चार ठिकाणी विचारायला वेळ असतो. आणि विचाराच, कारण हे नेहमीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नव्हे. शिबिरात करून घ्यायचं तर मुळीच नाही. तंतूच सैल असल्यानं नवी लेन्स ठेवायला आधार नसतो. मागचा जेलीसारखा द्रव पुढं येऊ शकतो. त्यामुळं पडद्याचं काम करणाऱ्या सर्जनचा हात लागतो. नवी लेन्स बसवायची तर ती बुबुळाला अडकवतात, डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत रोवतात, किंवा भिंगाच्या पिशवीत कडी घालून तिला टाका घेतात. लहान मुलांत पुष्कळ सर्जन लेन्स न घालता जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स देतात, आणि लेन्स पुढं ठरवतात. हे अर्धवट काम नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मिळाली तर साखर कारखान्यांच्या हंगामात उडणाऱ्या काजळीपासून जपा, आणि ती नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यानं कधीही धुऊ नका.

सर्जनला सरळ विचारा: सरकलेल्या भिंगाची ऑपरेशनं तुम्ही करता का, इथं पडद्याचे डॉक्टर आहेत का, भुलीआधी इको आणि होमोसिस्टीन बघितलं का? उत्तर नाही असेल तर मिरज आणि पुणे फार लांब नाहीत. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडून हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते दाखल होण्याआधी पक्कं करा.

६. तालीम, फुटबॉल, आणि "जरा अंग धरू दे"

उंच आणि हडकुळा पोरगा दिसला की आपल्याकडं सल्ला ठरलेला: थंडाई पाजा, तालमीत घाला. मार्फनच्या मुलाला हा सल्ला घातक आहे. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो आणि ताण एओर्टावर येतो. कुस्तीत डोक्याला, डोळ्याला धक्का बसतो आणि भिंग किंवा पडदा सुटू शकतो. फुटबॉलमध्ये हेडिंग आणि टकरी, तेच. पेठेतल्या पोराला फुटबॉलपासून तोडणं किती जड जातं ते ठाऊक आहे. तरी अमेरिकेच्या फ्लो हायमनचं सांगतो. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचं रौप्यपदक मिळवलेल्या संघातली ही उंच खेळाडू १९८६ मध्ये जपानमध्ये सामन्यादरम्यान कोसळून गेली. तिला मार्फन होता हे त्यानंतर कळलं.

वस्तादांना आणि पीटीच्या सरांना डॉक्टरची चिठ्ठी द्या, नाहीतर ते मुलाला आळशी ठरवतात. रंकाळ्याभोवती चालणं, सावकाश सायकल, बोलता बोलता जमेल इतका कुठलाही व्यायाम बहुतेकांना चालतो, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. पंचगंगेत घाटावरून उड्या मारणं नाही.

७. थांबायचं नाही अशा वेळा

डोळा अचानक लाल, प्रचंड दुखतोय, डोकं दुखतंय, उलट्या होतायत: भिंग पुढं येऊन दाब चढला असेल. याला पित्त समजून रात्र घालवतात आणि नजर जाते. डोळ्यापुढं विजा चमकणं, काळे ठिपके एकदम वाढणं, बाजूनं सावली चढत येणं: पडदा सुटतोय, त्याच दिवशी दाखवा. छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ, किंवा अचानक एका बाजूला दुखून दम लागणं: १०८ ला फोन, आणि दारातच "मार्फन आहे" असं सांगा, नाहीतर तरुण मुलगा म्हणून गॅस समजतात. होमोसिस्टिनुरियात एक पाय सुजणं, तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं यालाही हाच नियम.

८. घरातल्या बाकीच्यांची तपासणी

मार्फन आईवडिलांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते. चारातल्या एका रुग्णात तो नव्यानंच सुरू झालेला असतो, घराण्यात कुणाला नसताना. होमोसिस्टिनुरियाचं वेगळं. त्यात आईवडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक खेपेला पंचवीस टक्के शक्यता असते. नात्यातल्या लग्नात ही गाठ जास्त पडते, आणि आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. डॉक्टरनं विचारलं तर लाजून लपवू नका, तपासणीची दिशा त्यावरून ठरते.

म्हणून आईवडील आणि सगळी भावंडं यांची बाहुली मोठी करून तपासणी करा. मार्फनचा संशय असेल तर त्यांचा इकोही करा. सोयरीक जुळेना म्हणून आजार झाकायची घाई घरात होते, विशेषतः मुलीच्या बाबतीत. पण बाळंतपणात एओर्टावर ताण येतो, आणि माप वाढलेलं असेल तर तो जिवावर बेतू शकतो. लग्न होऊन इचलकरंजीला किंवा निपाणीला गेलेली बहीणही तपासायच्या माणसांत धरा. दिवस राहण्याआधी तिचा इको झालेला असावा, आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडं तुमच्या फाईलची झेरॉक्स पोहोचलेली असावी.